पुण्याहून अशोक चौकात

सोलापूर, गुरुवार

ती. मामा,


तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे, हे आधी सांगून टाकते. ‘विंडोज उडवून नव्याने टाकून घे’ हा दादाचा फोनवरचा हुकूम मी बाजूला ठेवला आहे. ज्या पीसीत निम्म्या अशोक चौकाचे हिशेब आहेत तो असा उठसूट फॉरमॅट करत नाहीत. पुण्याहून तुम्हाला इथलं टॅली का उघडता येत नाही ते आता कळलं आहे. दोष पीसीत नाही, वाटेत आहे, आणि नीट पाहिलं तर तो दोषही नाही.

दादा पुण्यात वाकडच्या फ्लॅटमध्ये बसून बाहेरून धडका देत होता. मी उलट केलं, आतून बाहेर निघाले. ऑफिसात मुनीमकाकांच्या शेजारी माझा लॅपटॉप मांडला. पलीकडच्या कारखान्यात टॉवेलचे माग चालू, त्यामुळे काकांशी बोलायचं ते ओरडूनच. पीसीची पेटी उघडली तर आतल्या पंख्यावर धाग्यांचा मऊ थर बसलेला, बोटाने उचलला तर चिंधीसारखा अख्खा निघाला. बिघाडाशी त्याचा संबंध नाही, पण आपल्याकडच्या ४३ डिग्रीच्या उन्हाळ्यात तो पंखा अजून कसा फिरतोय याचंच नवल. साफ केला.

मग एकेक तपासलं. तुमच्या डेस्कटॉपवर विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती आहे, म्हणून बाहेरच्याला आत घ्यायची सोय, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, त्यात आहे. मामीच्या लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ आहे, तशी दुकानातून आणलेल्या बहुतेक लॅपटॉपवर तीच असते. त्यावरून दुसरीकडे जाता येतं, पण त्याच्यात कुणाला येता येत नाही. सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी ते बटण सापडणार नाही, तेव्हा दादाने तिथे वेळ घालवू नये. दुसरं म्हणजे पिन. इथे असलात की रोज सकाळी तुम्ही जो चार आकडी पिन मारता तो त्या यंत्रापुरताच असतो. बाहेरून येणाऱ्याला खात्याचा पुरा पासवर्ड लागतो, आणि खात्याला पासवर्डच ठेवला नसेल तर विंडोज बाहेरच्याला दारातूनच परत पाठवतं. तुमचा पासवर्ड मी नवा, लांब असा केला आहे. तो इथे लिहीत नाही, मामीला फोनवर सांगेन.

एवढं झाल्यावर माझ्या लॅपटॉपवरून, त्याच राउटरवरून, तुमच्या पीसीत शिरून पाहिलं. टॅली समोर उघडलं. म्हणजे विंडोज, पासवर्ड, फायरवॉल तिघंही निर्दोष सुटले. मग लॅपटॉपचं वायफाय बंद करून मोबाईलच्या इंटरनेटवरून तोच प्रयत्न केला, तर काही नाही. असली परीक्षा नेहमी मोबाईलवरून करावी. घरच्या वायफायवर बसून घराचाच बाहेरचा पत्ता टाकला तर पुष्कळ राउटर स्वतःला वळसा घालून परत यायला तयार नसतात, आणि माणूस उगाच चुकीच्या निष्कर्षाला येतो.

आता राउटर. त्याच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला तर तो १०० ने सुरू होणारा, पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यानचा. तिथेच निकाल लागला. बाहेरच्या एखाद्या साइटला ‘माझा आयपी काय’ विचारलं की ती भलताच पत्ता सांगते, कारण राउटरवरचा पत्ता जगाचा नाहीच, तो तुमच्या केबलवाल्याच्या घरातला आहे.

हे असं का, ते जरा सविस्तर सांगते, कारण दादाला मी तीन ओळींत सांगितलं तेव्हा ‘केबलवाल्याला झाप’ एवढंच त्याने ऐकलं. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा ते संपतील ही काळजी जाणकारांपुरतीच होती. पण ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि आशियाच्या वाट्याचा साठा त्याच एप्रिलमध्ये तळाला गेला. आपल्याकडे घरोघरी फायबर आलं ते त्यानंतर. पंगतीला उशिरा आलेल्यांना पत्ते कुठून देणार? म्हणून २०१२ मध्ये १००.६४ पासूनची एक पेठ खास पुरवठादारांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवली गेली, आणि शेकडो घरं एकाच खऱ्या पत्त्यामागे बसवायची रीत पडली.

मिलच्या ऑफिसात पूर्वी फोनचा बोर्ड असायचा, तुम्हाला आठवत असेल. आतल्या प्रत्येक टेबलावर फोन, पण गावाला ठाऊक असलेला नंबर एकच. टेबलावरून शून्य दाबून कुणालाही फोन लावता यायचा, पण बाहेरच्याला थेट तुमचं टेबल गाठता येत नसे. तुमचा पीसी आज तसा आतल्या टेबलावर बसला आहे, आणि केबलवाल्याच्या बोर्डावर जोडून देणारा माणूसच नाही.

दादाने इथल्या राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून ठेवला होता. पुण्याहून येणारी हाक राउटरपर्यंत पोचतच नव्हती, तेव्हा त्या उघड्या पोर्टचा उपयोग शून्य. तो मी बंद केला, आणि पुन्हा उघडू नका.

हे मी जरा ठासून लिहिते आहे, कारण केबलवाल्याकडे तोडगा तयार आहे. महिन्याला थोडे जास्त पैसे भरा, स्टॅटिक आयपी घ्या, पोर्ट उघडा, झालं. तो खोटं सांगत नाही. अर्ध्या तासात तुमचं काम होईल. पण त्यानंतर तुमचा पीसी सगळ्या जगाच्या रस्त्यावर तोंड करून बसेल. ‘सोलापुरातला आपला पीसी कुणाला कशाला दिसतोय’ असं दादा म्हणाला. दिसायला कुणी मुद्दाम शोधावं लागत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झीमॅप नावाचा प्रोग्रॅम केला; एका साध्या सर्व्हरवरून, चांगली लाइन असेल तर, जगातल्या सगळ्या जुन्या पत्त्यांची दारं तो पाऊण तासाच्या आत वाजवून येतो. ३३८९ ऐवजी दुसरा नंबर ठेवला तरी वाजवणारा फार तर थोड्या उशिरा येईल. दार सापडलं की पासवर्ड मारून बघायला माणूस लागत नाही, यंत्र रात्रभर तेच करतं. आणि कधी पासवर्डचीही गरज नसते. मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं, पासवर्डाशिवाय आत जाता येईल असं. मायक्रोसॉफ्टने त्याची इतकी धास्ती घेतली की पाच वर्षांपूर्वी वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीलाही ठिगळ पाठवलं.

२०२१ च्या मार्चमध्ये एमआयडीसीच्या संगणकांवर खंडणीखोर विषाणू पडला होता, आठवतंय ना? आपल्या अक्कलकोट रोडच्या कारखानदारांचेही कागद ज्या व्यवस्थेत, तीच ठप्प झाली. ते रिमोट डेस्कटॉपमुळे झालं असं मी म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या संस्थेची अशी गत होते, तर एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बॅकअपची एकच हार्ड डिस्क, आणि तीही त्याच पीसीला चोवीस तास जोडलेली, याचा विचार करा. विषाणू पीसीतल्या फायली कुलूपबंद करतो तेव्हा जोडलेली डिस्कही सोडत नाही. ती मी काढून कपाटात ठेवायला लावली आहे. बॅकअप घेण्यापुरती जोडायची.

आणि मामा, पीसी तुमचा असला तरी आतल्या वह्या तुमच्या नाहीत. कुणाचं कर्ज किती, कुणाचा माल कुणाकडे अडकलाय, कुठल्या भागीदाराने किती उचल घेतली, हे सगळं तिथे आहे. चाळीस वर्षं लोकांनी ते तुमच्या भरवशावर ठेवलं. त्यांना न विचारता ते रस्त्यावर मांडायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. तुमचे स्वतःचे फोटो असते तर मी एवढी कटकट केली नसती. म्हणून मला उलट बरंच वाटलं की केबलवाल्याने तुम्हाला खरा पत्ता दिलेला नाही. तीच आजवर तुमची भिंत होती.

मग काम कसं व्हायचं? आतल्या टेबलावरून बाहेर फोन लावता येतो, त्याचाच फायदा घ्यायचा. तुमच्या इथल्या पीसीवर आणि पुण्याच्या लॅपटॉपवर टेलस्केल नावाचं अॅप टाकायचं. दोन्ही यंत्रं आपणहून बाहेर पडतात, मध्यस्थाकडे आपापली हजेरी लावतात, एकमेकांची किल्ली ओळखतात आणि मग जमलं तर थेट, नाही जमलं तर मधल्या ठाण्यावरून बोलतात. मधून जाणारं सगळं बंद पाकिटात; ठाण्यावरच्यालाही वाचता येत नाही. बाहेर एकही पोर्ट उघडा राहत नाही. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तिथे दार आहे हेच दिसत नाही. घरगुती वापराला ते फुकट आहे, पण तुमचं काम धंद्याचं आहे, तेव्हा पैसे भरून घेऊ. गंमत म्हणजे टेलस्केलसुद्धा यंत्रांना त्याच १०० च्या पेठेतले पत्ते देतं. दोन्हीकडे १०० पाहून दादाने पुन्हा केबलवाल्याला फोन करू नये.

इथल्या पीसीवर मी ते बसवलं आहे, आणि त्यात ‘रन अनअटेंडेड’ची खूणही केली आहे. ती नसली तर पीसी रात्री स्वतःच अपडेट होऊन पुन्हा सुरू होतो, कुणी लॉगइन केलेलं नसतं, टेलस्केलही झोपलेलं, आणि तुम्ही पुण्यात हताश. पीसीचं झोपणं बंद केलं आहे. बायोसमध्ये लाइट गेल्यावर पुन्हा आली की आपोआप चालू हो, असं सांगून ठेवलं आहे. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि दर वेळी मुनीमकाकांनी सकाळी येऊन बटण दाबायचं म्हणजे सगळं मुसळ केरात. यूपीएसवर पीसी होता पण फायबरचा डबा आणि राउटर भिंतीच्या प्लगवर. म्हणजे लाइट गेली की पीसी जिवंत आणि रस्ता मेलेला. दोन्ही यूपीएसवर घेतले.

वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तुम्ही पुण्याहून आत शिरलात की इथल्या पडद्याला कुलूप लागतं. मुनीमकाका त्याच वेळी बिलं चढवत असतील तर ते बाहेर फेकले जातील, आणि त्यांनी पासवर्ड मारला की तुम्ही. तेव्हा वेळ वाटून घ्या. सकाळ त्यांची, चहानंतर तुमची. दुसरी गोष्ट डीएससीच्या, म्हणजे डिजिटल सहीच्या, डोंगलची, आणि इथे तुम्ही नक्की अडणार होतात. प्रोप्रायटरी फर्मांचं जीएसटीचं ३बी ओटीपीवर भागतं, पण प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना डोंगल लागतंच. ते सोलापूरच्या पीसीत खोचून ठेवलं आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉपने आलात, तर विंडोजला ते दिसत नाही. विंडोज डोंगल शोधतं तुमच्या हाताशी असलेल्या, म्हणजे पुण्याच्या लॅपटॉपला. पुष्कळांचे तास यात जातात. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, पोर्ट बदलतात, आणि डोंगल बिचारं शाबूत. उपाय साधा आहे. सह्या पुण्याच्या लॅपटॉपवरूनच करा, जीएसटीच्या पोर्टलला कुठूनही जाता येतं. आणि ज्या डायरेक्टरांची डोंगलं आपल्या ड्रॉवरमध्ये पडून असतात ती त्यांची त्यांना परत द्या. दुसऱ्याची सही आपल्या घरात नको. तुम्हाला हे सांगणारी मी कोण, असं मामी म्हणेल, तरी सांगते.

एनीडेस्क का नको, हे तुम्ही विचारलं होतं. त्यात तांत्रिक खोट नाही, डोंगलच्या बाबतीत तर ते सोयीचंच, कारण समोरचा पडदा जसाच्या तसा दिसतो. पण त्याच्या नावाने जे चालतं ते वाईट. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने बँकांना त्याबद्दल सावध केलं होतं. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार’ असले मेसेज पाठवून, मग फोनवर असलंच अॅप उतरवायला लावून, किती जणांची खाती धुतली. महावितरणला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की ते मेसेज आमचे नाहीत. मुनीमकाका भाबडे आहेत. ‘साहेबांनी पुण्याहून सांगितलंय, नंबर वाचून दाखवा’ असा फोन आला तर ते वाचून दाखवतील. म्हणून त्या पीसीवर नंबर वाचून दाखवायची सोयच नको. त्यांच्या टेबलावर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवला आहे.

गुडघा कसा आहे? फिजिओथेरपी टाळू नका. दर महिन्याला २० तारखेच्या आधी हुतात्मा एक्स्प्रेसने धावत यायचं, हे आता सहा महिने तरी बंद, असं डॉक्टर आणि मामी दोघांचं एकमत आहे म्हणे. शेंगाचटणी दिली आहे धाडून, डबा रविवारी पोचेल.

टेलस्केलचं आमंत्रण दादाच्या ईमेलवर पाठवलं आहे. १० तारखेच्या आत एकदा जोडून बघा, कारण ११ ला जीएसटीचं आर-वन भरायची घाई, त्या दिवशी प्रयोग नकोत. नाही लागलं तर मला फोन करा. पण त्याआधी मुनीमकाकांना विचारा, फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल तर नाही ना. लाल असेल तर तुमचं, माझं, दादाचं काहीच काम नाही. कुठेतरी रस्ता खणलाय, केबलवाल्यालाच बोलवायचं.

मामीला नमस्कार, दादाला आशीर्वाद नाहीत, तो माझ्याहून मोठा आहे.

तुमची भाची