दादांना विचारले कोणी?

गेल्या उन्हाळ्यात बेळगावाहून एक तरुण आमच्या घरी आला. मनाच्या आजारांविषयी तो अनुबोधपट, म्हणजे आजकाल ज्यास माहितीपट म्हणतात तो, तयार करीत होता. आमचे थोरले बंधू गेली वीस वर्षे अशाच एका आजाराशी झगडत आहेत, हे त्याच्या कानी आले होते. मुलगा विनयशील होता आणि त्याचा हेतूही चांगला होता. या आजाराचे लोकांना वाटणारे भय जावे, एवढीच त्याची इच्छा. आम्ही त्याच्या कागदावर सही केली, वहिनींनीही केली. दादा तेव्हा परसात फणसाखाली दोरी वळीत बसले होते. त्यांना विचारावे, हे आम्हां कोणासही सुचले नाही.

चार दिवस चित्रण चालले. तिसऱ्या दिवशी दादांची प्रकृती बिघडली. ते भिंतीशी बोलू लागले, अंगातला सदरा त्यांनी फाडला. कॅमेरा चालूच होता. आणि खरे सांगावयाचे तर, तो थांबवावा असे आम्हांसही वाटले नाही. लोकांना आमचे दुःख एकदाचे दिसेल, असा काहीसा विचार मनात होता.

दोन महिन्यांनी तो तरुण अर्धवट झालेला पट दाखवावयास आला. दादा तेव्हा बरे होते. त्यांनी तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि आमच्याकडे वळून विचारले, "हा मीच ना रे? मग सही तुझी कशी?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर या विषयावर मिळेल ते आम्ही वाचीत गेलो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रिजवॉटर येथे गुन्ह्याचा ठपका असलेल्या मनोरुग्णांची एक सरकारी संस्था होती. फ्रेडरिक वाइझमन या, पूर्वी कायदा शिकविणाऱ्या गृहस्थांनी १९६६ साली तेथे चित्रण केले आणि १९६७ साली 'टिटिकट फॉलीज' हा पट पुढे आला. नग्न ठेवलेले रुग्ण, त्यांना मुद्दाम चिडविणारे पहारेकरी, नाकातून नळी घालून बळाने दिलेले अन्न, असे सारे त्यात आहे. रुग्णांच्या खाजगीपणाचा भंग झाला म्हणून राज्यसरकार न्यायालयात गेले. ज्यांनी माणसांस वस्त्रावाचून ठेवले, त्यांस त्यांच्या अब्रूची आठवण पट निघाल्यावर झाली! १९६८ साली पटाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. १९६९ साली वरिष्ठ न्यायालयाने डॉक्टर, वकील, समाजसेवक, विद्यार्थी अशांपुरती मोकळीक दिली. सर्वांसाठी तो खुला झाला १९९१ साली.

तो पट निघाला नसता तर भिंतीआडचे ते हाल जगास दिसले नसते, हे आम्ही मानतो. तथापि सरकारवर रागावून झाल्यावरही एक प्रश्न उरतोच. संस्थेच्या प्रमुखांची परवानगी होती. रुग्णांपैकी मात्र थोड्यांच्याच सह्या होत्या, आणि त्यांना त्या सहीचा अर्थ कळला होता काय, यावर न्यायालयात वाद झाला. आमच्या घरी तर तेवढेही घडले नव्हते.

आपल्या देशात २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या स्वतःच्या संमतीवाचून वृत्तपत्रे आदी माध्यमांस देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. दादा घरी राहतात. पण माणूस घरी आहे म्हणून त्याची लाज घरच्यांच्या मालकीची होते काय? वीस वर्षे त्यांच्या गोळ्या, त्यांचे पैसे, त्यांचे जाणेयेणे आम्हीच पाहात आलो, त्यामुळे त्यांचा होकारही आपल्याच खिशात आहे असे आम्ही धरून चाललो होतो.

आम्ही त्या तरुणास पुन्हा बोलाविले. तो ओशाळला होता, पण आला. या वेळी आम्ही बाजूस बसलो आणि तो दादांशी बोलला. पट कोण पाहील, गावातले लोक पाहतील काय, एकदा बाहेर गेल्यावर परत घेता येईल काय, हे सारे दादांनीच विचारले. परत घेता येणार नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. दादा बराच वेळ गप्प राहिले.

मग म्हणाले, "भिंतीचं काढून टाक. दोरी वळतो ते ठेव. गोळ्या घेतो तेही ठेव, त्याची मला लाज नाही."

तरुणाने लिहून घेतले आणि सहीसाठी कागद पुढे केला. दादांनी तो सरकवून दिला. "आज नको. महिन्याने ये आणि पुन्हा विचार. तोवर मन बदललं तर?"

त्याने त्यांच्यासमोरच पुढल्या महिन्याची तारीख आपल्या वहीत टिपून घेतली.