आवणी, कापणी आणि २२ क्रेडिट

आंदर मावळात जुलै म्हणजे आवणी. टाकव्यापासून वर वडेश्वर, माऊ, खांडीपर्यंत खाचरं पाण्यानं भरलेली असतात. घरातलं धडधाकट माणूस त्या दिवसांत चिखलाबाहेर दिसत नाही. नेमकं त्याच सुमाराला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदवीचं पहिलं सत्र सुरू होतं. दिवाळीच्या आगेमागे भात पिवळं पडतं, कापणी-झोडणीची घाई उडते, आणि तेव्हाच सत्रपरीक्षेचं वेळापत्रक लागतं. भाताचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष या खोऱ्यात दोन्ही टोकांना एकमेकांवर आदळतं. इथून पदवीला जाणारी मुलं या दोन वर्षांच्या मधून वाट काढतात.

मी इथल्याच एका माध्यमिक शाळेत शिकवते. दहावीला निरोप दिलेली मुलं दोन वर्षांनी जूनमध्ये पुन्हा दारात उभी राहतात. हातात बारावीचं गुणपत्रक असतं. "बाई, फॉर्म भरायचाय. कुठले विषय घेऊ?"

२०२४ च्या जूनमध्ये असंच विचारत आलेली एक मुलगी ठोकरवाडी धरणाच्या काठावरच्या वाडीतली होती. आंद्रा नदीवरचं हे धरण टाटांच्या वीज कंपनीचं. १९२२ पासून त्याचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात जातं. धरणाला शंभर वर्षं उलटून गेली, तरी या मुलीच्या घरात पदवीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. वडील भात करतात, आई म्हशी सांभाळते. तिला भूगोल घ्यायचा होता. कारण विचारलं तर तिनं सरळ सांगितलं, "आमचं पाणी खाली कसं जातं ते मला नीट कळून घ्यायचंय."

तिचा प्रवेश वेगळ्याच वर्षी आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्र सरकारनं २०२० च्या जुलैमध्ये जाहीर केलं. महाराष्ट्रात ते आधी स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झालं. पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन जिल्ह्यांचा. तेव्हा खांडीची मुलगी, अकोल्याच्या डोंगरातला मुलगा आणि सुरगाण्याची मुलगी, सगळेच एकदम या नव्या आराखड्यात शिरले.

आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकात, सगळं सोपं वाटायचं. एफवायला सक्तीचं इंग्रजी आणि चार-पाच विषय, एसवायला एक विषय 'स्पेशल', टीवायला तोच पुढे. बी.ए. झालेल्या माणसाला आजही लोक 'स्पेशल काय होतं?' असंच विचारतात. परीक्षा वार्षिक, मार्च-एप्रिलमध्ये. तोवर भात भरडून कणगीत पडलेलं असायचं. कापणीत पंधरा दिवस बुडाले तरी अभ्यास भरून काढायला हिवाळा मोकळा मिळायचा. २०१९ पासून कला शाखेलाही सत्र पद्धत आणि क्रेडिट आलं आणि ती सवड संपली.

नव्या आराखड्याचा पाया क्रेडिट, सरकारी भाषेत श्रेयांक. तासिकेच्या विषयात एका क्रेडिटला सत्रभरात १५ तास, प्रात्यक्षिकाला ३० तास. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एवढं एका कागदावर मावतं. पण ही क्रेडिट कुठून कुठून गोळा करायची, ते सांगायला संध्याकाळ जाते.

पहिल्या वर्षी तीन मुख्य विषय. तिनं भूगोल, मराठी आणि अर्थशास्त्र घेतलं. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर करायचा, एक मायनर ठेवायचा. त्याच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, आणि ते आपल्या शाखेबाहेरचंच हवं. कलाशाखेच्या मुलीला विज्ञान किंवा वाणिज्यातलं काही शिकावं लागतं. मग कौशल्याचा विषय, भाषेचा विषय, पर्यावरण किंवा राज्यघटनेसारखा मूल्यशिक्षणाचा विषय, भारतीय ज्ञान प्रणाली. शिवाय राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, योग यांतून मिळवायची क्रेडिट. पुढच्या दोन वर्षांत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण. हे सगळं एबीसी खात्यावर, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, जमा होत जातं.

या रचनेमागचा विचार मला मनापासून पटतो. भूगोल शिकणाऱ्या मुलीला हिशेब ठेवता यावा, वाणिज्याच्या मुलानं कविता वाचावी, दोघांनीही राज्यघटना उघडून पाहावी, यात वावगं काहीच नाही. अडचण येते ती निवडीच्या टप्प्यावर. विद्यापीठाच्या यादीत ओपन इलेक्टिव्ह भरपूर असतात. महाविद्यालयात मात्र शिकवायला माणूस असेल आणि पुरेशी मुलं बसली तरच ते चालतात. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात यादी पानभर असते. छोट्या ठिकाणी दोन-तीन नावं असतात, आणि त्यातलंही जे गाडीच्या वेळेत बसेल तेच घ्यावं लागतं.

गाडीचं सांगायलाच हवं. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पदवीला गेलं की विद्यार्थी सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. सवलत मोठी आहे, पण आधी फुकट असलेल्या गोष्टीला आता दरमहा पैसे पडतात, आणि ज्या घरात मुलगी शिकवायची की नाही यावर अजून बोलणं चालू आहे तिथे तेवढंही निमित्त पुरतं. ती पहाटे मुक्कामी गाडीनं निघायची, टाकव्यावरून कान्हे फाट्याला उतरायची आणि कान्हे स्थानकावर पुणे-लोणावळा लोकल धरायची. सकाळची लोकल हुकली तर पहिला तास गेला. संध्याकाळची वरची गाडी हुकली तर टाकव्याला मावशीकडे मुक्काम.

पहिल्या सत्राचं तिचं वेळापत्रक अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीनं आखलेले सहा रकाने. मुख्य विषय निळ्या शाईत, बाकीचे शिसपेन्सिलीनं. प्रत्येक तासाच्या खाली बारीक अक्षरात गाडीची वेळ. ओपन इलेक्टिव्ह आठवड्यातले दोन दिवस शेवटच्या तासाला होतं. त्या दोन चौकोनांखाली गाडी लिहिलेली नव्हती, नुसती फुली होती. सत्र भरण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. दोन क्रेडिटच्या विषयाला तास मुळात ३०. त्यातले थोडे आवणीत गेले, थोडे पावसानं वाहतूक थांबली तेव्हा गेले, आणि उरलेल्यांखाली फुली.

खोऱ्यातल्या मुलांनी मिळून प्राचार्यांना अर्ज दिला. त्यात गाऱ्हाणं नव्हतं. कुठल्या गावाहून कोण येतं, शेवटची गाडी कितीची आणि कुठल्या तासाची अडचण होते, एवढंच एका तक्त्यात मांडलं होतं. दुसऱ्या सत्रात एक तास अलीकडे आला, एक तसाच राहिला. तेवढ्यानंही तिची हजेरी सावरली. बसचं वेळापत्रक आणि तासिकांचं वेळापत्रक जूनमध्येच शेजारी ठेवून पाहिलं, तर निम्म्या मुलांचा त्रास कमी होईल असं मला खात्रीनं वाटतं. त्याला नवा निधी लागत नाही आणि नवा नियमही लागत नाही.

याच वाटेवर आणखी एक जण भेटतो. तो तिच्या आधीच्या पद्धतीतला, शेजारच्या गावचा. त्यानं एफवाय केलं, एसवायला दोन विषय राहिले, एटीकेटी घेऊन पुढे गेला, आणि वडिलांचं आजारपण आल्यावर टाकव्याच्या एका कारखान्यात लागला. शिकलेली दीड वर्षं त्याच्या हाती कुठल्याच कागदानं आली नाहीत. नोकरीच्या अर्जात तो आजही 'बारावी पास' असंच लिहितो.

नव्या आराखड्यात त्याच्यासारख्याला दार आहे. पहिल्या वर्षाची क्रेडिट पुरी केली आणि जोडीला चार क्रेडिटचं कौशल्याचं काम किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र मिळतं. दुसऱ्या वर्षानंतर तसंच केलं तर पदविका. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करता येते. कमावण्यासाठी मध्येच थांबावं लागणाऱ्या मुलाला याचा आधार मोठा आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र हेच दार उलट्या बाजूनं उघडेल अशी मला धास्ती आहे. पहिलं वर्ष झालं, प्रमाणपत्र मिळालं, आता स्थळ बघू, असं घरात कुणी म्हणालं की तिच्या बाजूनं बोलणारा नियम उरत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी मी आई-वडिलांना आवर्जून सांगते की हे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नाही. तलाठी भरती असो की लोकसेवा आयोगाची परीक्षा, तिथे पदवीच मागतात. हे वाक्य घरी पोचलं की बरीच बोलणी आपोआप पुढे ढकलली जातात.

दुसऱ्या वर्षी तिनं भूगोल मेजर घेतला. तिसऱ्या सत्रात क्षेत्र प्रकल्प आला, दोन क्रेडिटचा. क्षेत्रकामाला प्रात्यक्षिकासारखाच हिशेब, म्हणजे साधारण ६० तास. विषय सुचवताना शिक्षकांनी विचारलं, "तुमच्याकडे काय पिकतं?" ती म्हणाली, "इंद्रायणी."

इंद्रायणी हे वाण या तालुक्याचंच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार झालं आणि १९८७ मध्ये प्रसारित झालं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत हा वासाचा, चिकट तांदूळ नावानं विकला जातो. तो पिकवणाऱ्या घराला त्यातून काय उरतं, हे तिच्या वाडीत कुणी लिहून काढलेलं नव्हतं.

तिनं ते काढलं. आवणीपासून झोडणीपर्यंत वाडीतल्या घरांची माहिती. एका वहीत आडवे रकाने: बियाणं, नांगरट, खत, आवणीची माणसं, बेणणी, कापणी, भरडाई, आणि शेवटी पदरात पडलेला तांदूळ. पहिल्या पाच घरांनंतर एक गोष्ट तिच्या लक्षात आली. मजुरीच्या रकान्यात जवळजवळ सगळे 'काही नाही' सांगत होते. घरची माणसं आणि इर्जिकीनं आलेले शेजारी यांचं काम कुणी खर्चात धरतच नव्हतं. मग तिनं आणखी एक रकाना पाडला आणि त्यात कुणी किती दिवस राबलं ते लिहायला सुरुवात केली. बायकांच्या नावापुढचे दिवस सगळ्यांत जास्त भरले. तिच्या आईनं ती वही हातात घेतली, स्वतःच्या नावाची ओळ लेकीकडून वाचून घेतली आणि म्हणाली, "दुधाचं न्हाई धरलंस." दुसऱ्या दिवशी म्हशींसाठी वेगळा रकाना आला.

त्या सत्रात तिनं आवणीही केली आणि क्रेडिटही कमावलं. खाचरात घालवलेले दिवस पहिल्यांदाच तिच्या अभ्यासाच्या आड आले नाहीत. म्हणून मला वाटतं, या आराखड्यातला मावळच्या मुलांसाठी सगळ्यांत मोलाचा भाग क्षेत्र प्रकल्पाचा आहे. तो केवळ फाइल भरण्यापुरता उरकला, एकाची दुसऱ्यानं उतरवून घेतली, तर हातची संधी जाईल. पण शिक्षकानं 'तुमच्याकडे काय पिकतं' एवढं विचारलं, तर इथे विषय पायाखाली आहेत. ठोकरवाडीचं पाणलोट, कुसूर घाटाची जुनी वाट, ठाकर आणि कातकरी वाड्यांवरच्या रानभाज्या, खाली भाजे-कार्ल्याची लेणी, लोणावळ्यातलं १९२४ पासूनचं कैवल्यधाम. भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र, योग, सगळ्यांना पुरेल एवढं आहे.

आता तिसरं वर्ष समोर आहे. मागच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले होते. "बाई, तीन वर्षांला पदवी हातात येती ना? मग ही चौथ्याची काय भानगड?" त्यांना समजावून सांगितलं. तीन वर्षांनी थांबलं तर पदवी मिळते आणि पुढे एम.ए.ला दोन वर्षं लागतात. चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. आणि शिक्षिका व्हायचं तर तीन वर्षांच्या पदवीवर बी.एड.चा रस्ता आहेच. ते बराच वेळ बोटांवर वर्षं मोजत बसले. मग म्हणाले, "एकूण वर्षं तेवढीच भरत्यात की." तेवढीच भरतात, फक्त चौथं वर्ष तिच्या महाविद्यालयात भूगोलाला चालू झालं पाहिजे, नाहीतर रोजचा पुण्याचा प्रवास पत्करावा लागेल. म्हणून निर्णय तिनं पाचव्या सत्राच्या निकालापर्यंत लांबणीवर टाकला आहे.

तोवर ओजेटीची तयारी चालू आहे. चार क्रेडिट, १२० तास. तिच्या महाविद्यालयानं ते सहाव्या सत्रात ठेवलं आहे, म्हणजे जानेवारीनंतर, शेत मोकळं असताना. तिला ते वडगावच्या भात संशोधन केंद्रात करायचं आहे. त्यासाठी विभागाचं पत्र लागतं. पत्राचा मसुदा तिनं स्वतः लिहून आणला होता. सोबत क्षेत्र प्रकल्पाच्या वहीतले दोन तक्ते जोडले होते, घरच्या श्रमाचा आणि म्हशींचा.