राक्षस मेले, हिशेब लागेना

राक्षस मारायला फारसं काही लागत नाही. डाव्या अंगठ्याने आपला गडी चालवायचा, उजव्या अंगठ्याखालचं मोठं बटण दाबत राहायचं आणि त्याच्याभोवतीची चार लहान बटणं उजळली की तीही दाबायची. रस्ता चुकायचीही भीती नाही. पुढच्या कामगिरीच्या नावावर बोट टेकवलं की गडी आपला आपण चालू लागतो. माझी भंबेरी उडाली ती राक्षस मेल्यावर. तो पडला की त्याच्या अंगातून दोन हत्यारं, एक टोप, एखादी अंगठी आणि मूठभर सोनं भुईवर उधळलं जातं. ते उचलायचं, झोळीत भरायचं, आणि मग त्याचं करायचं काय?

खेळाचं नाव ‘डायब्लो इम्मॉर्टल’. २०२२ च्या जूनमध्ये आलेला, फुकट उतरवून घेता येणारा. माझ्या फोनवर तो भाच्याने घालून दिला. मी पतसंस्थेत हिशेब बघते, त्यामुळे जमा काय आणि नावे काय हे कळलं नाही तर मला चैन पडत नाही. योद्धा निवडताना बार्बेरियन, विझार्ड, मंक असे पर्याय होते. मी नेक्रोमॅन्सर घेतला, कारण तो सांगाडे उठवतो आणि ते त्याच्यासाठी लढतात. हाताखाली माणसं असलेली बरी.

झोळी पटकन भरते. पांढऱ्या वस्तू साध्या, निळ्या जरा बऱ्या, पिवळ्या त्याहून चांगल्या, आणि नारिंगी म्हणजे लेजंडरी. हिरव्या वेगळ्याच, त्यांचा संच जमवायचा असतो. मी एकेक वस्तू उघडून वाचत बसले. कुठे ताकद ३ ने जास्त, कुठे जीव १२ ने कमी. भाचा मागून बघत होता.

“मावशी, पांढरं-निळं वाचत काय बसलीयेस? लोहाराकडे ने आणि मोड.”

“अरे, पण चांगलं धडधाकट हत्यार आहे.”

“अंगावरच्यापेक्षा सरस असल्याचा हिरवा बाण दिसतोय का त्याच्यावर? नाही ना? मग मोड!”

वेस्टमार्च नावाच्या शहरात हा लोहार बसतो. त्याच्या पुढ्यात रंगांवर खुणा करायच्या आणि एक बटण दाबायचं, की वीसेक हत्यारांचा क्षणात भंगार माल होतो. तो भंगार माल घालून अंगावरच्या वस्तूची पायरी वाढवायची. उद्या जास्त चांगलं चिलखत मिळालं तर? तर जुन्याची पायरी नव्यावर चढते, कष्ट वाया जात नाहीत. लेजंडरी वस्तूतला गुण काढून दुसऱ्या लेजंडरीत घालायची सोयही याच शहरात आहे. हे सगळं समजल्यावर मला खेळात खरी गोडी वाटायला लागली. लढाई म्हणजे मालाची आवक, आणि खरा खेळ चालतो तो कोठारात.

नशिबाने माल पाडण्याची ही युक्ती आजची नव्हे. ‘रोग’ हा १९८० चा खेळ दर वेळी नवं भुयार रचायचा, त्यातल्या वस्तूही नशिबाने पडायच्या. ते वेड डोक्यात घेतलेल्या डेव्हिड ब्रेव्हिक या कॅलिफोर्नियातल्या प्रोग्रॅमरने आणि त्याच्या सोबत्यांनी १९९७ च्या तोंडावर पहिला ‘डायब्लो’ आणला. नाव घेतलं ते तिथल्याच माउंट डायब्लो या डोंगराचं. त्या खेळात सापडलेली जादूची वस्तू नेमकी काय आहे हे लगेच कळायचं नाही. गावातल्या डेकार्ड केन या म्हाताऱ्याला १०० सोन्याची नाणी दिली की तो ओळख पटवून द्यायचा. हाच केन माझ्या खेळातही सुरुवातीलाच भेटतो. राक्षसातून काय पडेल हे आधी न कळणं, हीच या घराण्याची मूळ चटक. शंभरदा फुटकळ निघतं, म्हणूनच एकशेएकाव्यांदा नारिंगी उजेड चमकला की माणूस खुर्चीत सरसावून बसतो. मीही बसले.

इथवर सगळं ठीक होतं. पहिला मोठा राजा मारून भुयाराबाहेर आले, तर समोर एक गाठोडं: तुमच्या विजयाबद्दल खास, अगदी थोड्या पैशांत, ‘८०० टक्के मूल्य’. कशाच्या ८०० टक्के? मूळ किंमत काय धरली, कुणी धरली? असा आकडा माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढून परत पाठवला असता.

मग मी दुकान उघडलं. सोनं हे चलन मला माहीत होतं. ते राक्षसाच्या अंगातून पडतं, आणि त्याला फारसं कुणी विचारत नाही. त्याच्यावर हिल्ट, त्याच्यावर प्लॅटिनम, जे खेळाडूंच्या बाजारात रत्नं विकून मिळतं. आणि सगळ्यांच्या वर इटर्नल ऑर्ब. ऑर्ब खऱ्या पैशांनीच मिळतात. शिवाय भंगार, भुकटी, निखारे अशी किरकोळ खाती निराळीच.

हे ऑर्ब लागतात कशाला? एल्डर रिफ्ट नावाचं एक भुयार आहे. आत शिरण्यापूर्वी बिल्ला लावायचा. त्याला क्रेस्ट म्हणतात. लेजंडरी क्रेस्ट लावला तर शेवटी लेजंडरी रत्न मिळणार हे नक्की. ते एक ताऱ्याचं, दोन ताऱ्यांचं की पाच ताऱ्यांचं, हे मात्र नशीब. खेळत गेलं की बक्षिसं देणाऱ्या ‘बॅटल पास’ या यादीच्या फुकट रांगेतून मला एक क्रेस्ट मिळाला. तो लावून आत गेले, सांगाड्यांना पुढे घातलं, काही मिनिटांत शेवटचा राक्षस लोळवला. रत्न पडलं.

“एक स्टार,” भाचा बघून न बघितल्यासारखं म्हणाला.

“म्हणजे वाईट?”

“वाईट नाही गं. सगळ्यांना हेच पडतं.”

एकेका वेळी असे दहा क्रेस्ट लावता येतात. आता हिशेब बघा. विकतचा एक क्रेस्ट १६० ऑर्बचा. ऑर्बचं सगळ्यात लहान पुडकं ६० चं. अमेरिकेत ते ९९ सेंटला. म्हणजे एका क्रेस्टसाठी तीन पुडकी, १८० ऑर्ब; क्रेस्ट घेतल्यावर उरतात २०. या २० चं तुम्ही काय करणार? टाकवत नाहीत आणि पुरतही नाहीत. ते बघून चौथं पुडकं घ्यावंसं वाटतं. आणि एकदा रुपयांचे ऑर्ब झाले, ऑर्बांचे क्रेस्ट, क्रेस्टांचं रत्न, की त्या रत्नाला आपल्याला किती रुपये पडले हे सांगायला कागद-पेन्सिल घ्यावी लागते. लढताना कुणी कागद घेत नाही.

जगाने याच्याशी झगडा घातलेला आहे. पैसे देऊन नशिबाची पेटी उघडणं हा जुगारच, असं बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये ठरवलं. ‘डायब्लो इम्मॉर्टल’ त्या देशात आणि नेदरलँड्समध्ये आलाच नाही. ‘डायब्लो ३’ मध्ये तर खेळाडूंना वस्तू खऱ्या पैशांत एकमेकांना विकता यायच्या. तो लिलाव-बाजार २०१४ च्या मार्चमध्ये बंद केला गेला, कारण राक्षस मारून वस्तू मिळवण्याची मजाच त्याने जात होती. आपल्याकडे २०२५ मध्ये झालेल्या कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. माझ्या खेळात पैसे फक्त आत जातात, बाहेर रत्न येतं, आणि तेही फोनच्या आतच राहतं.

भाच्याचं म्हणणं वेगळं. “फुकटात खेळ ना, कोण जबरदस्ती करतंय?” त्याचं खरंच आहे. गोष्ट सगळी फुकट बघता येते, लोहार फुकट, सांगाडे फुकट. मधूनच एखाद्या कामगिरीला वरची लेव्हल लागते. तेव्हा फलकावरची चार छोटी कामं घ्यायची, दहा-पंधरा राक्षस मारून यायचं, पुन्हा चार घ्यायची. यालाच ही मुलं ग्राइंड म्हणतात. मला त्याचा कंटाळा येत नाही. महिनाअखेरीच्या ताळेबंदाची सवय असलेल्या बाईला कसला येतोय?

माझा आक्षेप एवढाच, की कर्जाच्या फॉर्मवर व्याजाचा दर छापल्याशिवाय आम्हाला सही घेता येत नाही. तसं त्या क्रेस्टच्या बटणावरच लिहावं: इतके रुपये, आणि पाच ताऱ्यांचं रत्न शेकडा इतक्या वेळा. तेवढ्या दोन आकड्यांनी राक्षस मारण्याची मजा कणभरही कमी होणार नाही. दुकानाचा गल्ला मात्र नक्की होईल, आणि ते दोन आकडे तिथे का नाहीत याचं उत्तर त्यातच आलं.