संबळ आणि सॅम्पल

ब्राझील म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो. फारच झालं तर सांबा, आणि त्या कार्निव्हलचे पिसांचे मुकुट. पण त्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यात रेसिफे नावाचं शहर आहे. खाडीचं, चिखलाचं, खेकड्यांचं. तिथल्या शिको सायन्स नावाच्या गायकाचं 1994 सालचं एक ध्वनिमुद्रण मी हल्ली ऑफिसला जाता-येता ऐकतोय, म्हणून आजचा हा शनिवारचा लेख.

ह्या माणसाने केलं काय, तर त्यांच्याकडे माराकातू म्हणून एक जुना प्रकार आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांच्या वंशजांनी राजा-राणीला मुकुट घालून मिरवणूक काढायची, आणि सोबत आल्फाया नावाचे मोठे लाकडी ढोल. शिकोने ते ढोल तसेच ठेवले आणि त्यांच्या शेजारी रॉकची गिटार, हिपहॉपची बोलण्याची ढब आणि सॅम्पलर आणून बसवला. 1996 च्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाच्या नावातच 'आफ्रो' आणि 'सायबर' एकत्र जोडलेले आहेत. 1997 च्या फेब्रुवारीत गाडीच्या अपघातात गेला बिचारा, वय वर्षं 30. त्याच्या मित्रमंडळींनी 1992 मध्ये एक जाहीरनामा काढला होता आणि त्यांचं बोधचिन्ह होतं, चिखलात रोवलेली डिश अँटेना. पाय आपल्या खाडीच्या गाळात, आणि कान सगळ्या जगाकडे.

हे चित्र बघितलं आणि मला दुसरंतिसरं काही नाही, आमच्याकडचं पत्र्याचं घर आठवलं. भिंतीवर डिश, आणि आत देवघरात परडी आणि कवड्यांची माळ. :)

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरपासून फार लांब नाही. (2023 पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद. घरात दोन्ही नावं चालायची, अजूनही चालतात.) आमच्याकडे लग्न झालं की गोंधळ घालावाच लागतो. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, कारण 'गोंधळ' म्हटलं की तुम्हाला संसद आठवते. रात्री अंगणात किंवा घरात पाट मांडायचा, धान्याचा चौक भरायचा, कलश ठेवायचा, दिवटी पेटवायची. गोंधळी तीन-चार जण. एकाकडे संबळ, एकाकडे तुणतुणं, एकाकडे झांज. आधी गण, मग देवांना आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा, असं एकेका ठिकाणचं नाव घेऊन बोलवायचं. मग देवीची स्तुती, आणि मग मध्यरात्रीच्या पुढे आख्यान. म्हणजे सरळ गोष्ट. मुख्य गोंधळी सांगतो आणि साथीदार मध्येमध्ये खुळ्यासारखे प्रश्न विचारून त्याला छेडतो. शेवटी आरती. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन पंथ. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, आणि आमच्या भवानीचे ते कदमराई.

तर मुद्दा असा, की आपल्याकडे शिको सायन्स कोण? मला विचाराल तर उत्तर सोपं आहे. अजय-अतुल. तो एकटा होता आणि हे दोघे भाऊ आहेत. तो रॉकवाला होता आणि हे सिनेमावाले. पण काम तेच.

गोगावले बंधूंचं लहानपण पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-शिरूर भागात गेलं. वडील महसूल खात्यात, घरात गाण्याची परंपरा नाही. (गंमत बघा. तुळजाभवानी नवरात्राच्या आधी आणि दसऱ्यानंतर ज्या पलंगावर निद्रा घेते तो पलंगसुद्धा दरवर्षी त्याच घोडेगाव-जुन्नरच्या बाजूने नगरमार्गे तुळजापूरला येतो. योगायोग आहे, पण मला आवडतो.) 2001 चा 'विश्वविनायक' हा त्यांचा अल्बम अनेकांना आठवत असेल. 2004 मध्ये 'अगं बाई अरेच्चा!' आला आणि त्यातल्या 'मल्हारवारी'ने सगळा महाराष्ट्र हलवला. मग 2009 चा 'जोगवा'. राजीव पाटील यांचा सिनेमा, संजय कृष्णाजी पाटील यांची गीतं, विषय जोगत्या-जोगतिणींचा. 2008 सालासाठीच्या 56 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत संगीताचा पुरस्कार या दोघांना मिळाला, आणि त्याच सिनेमातल्या एका गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही. 2016 च्या 'सैराट'साठी तर हे थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले आणि तिथल्या वादकांकडून सिंफनी वाजवून घेतली. सिनेमा मात्र करमाळ्याचा. करमाळा म्हणजे आमच्या परांड्याच्या शेजारचा तालुका. चिखल आणि डिश अँटेना, दुसरं काय?

मला त्यांचं कौतुक कशाचं वाटतं, तर ते लोकवाद्याला 'शो पीस' करत नाहीत. नाहीतर आपल्याकडे फ्यूजन म्हणजे काय असतं? सिंथेसायझरवर एक ढगाळ सूर लावून ठेवायचा आणि वर दोन सेकंद तुणतुणं वाजवायचं. लोणच्यासारखं. जेवण वेगळं, लोणचं वेगळं. अजय-अतुलच्या चांगल्या गाण्यात संबळ हे जेवण असतं आणि व्हायोलिनं त्याच्या तालावर चालतात.

आता थोडं धंद्याचं बोलतो, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा.

मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाचं लग्न झालं, तेव्हाचा गोंधळ मी छोट्या रेकॉर्डरवर पूर्ण उतरवून घेतला. 2 तास 40 मिनिटं. परत आल्यावर एका वीकेंडला ती फाईल सॉफ्टवेअरमध्ये टाकली. डोक्यात विचार असा, की यातून संबळाचे दोन-चार तुकडे कापायचे, लूप करायचे आणि खाली इलेक्ट्रॉनिक बेस द्यायचा. सॉफ्टवेअरने आधी विचारलं, टेम्पो किती? मी म्हटलं, तूच सांग. त्याला सांगता येईना! कारण गोंधळाला एक टेम्पो नसतोच. सुरुवातीला चालत असतो, आवाहनाला झपझप जातो, आख्यानात थांबतो, बसतो, पाणी पितो आणि आरतीला धावत सुटतो. सुरुवात आणि शेवट यात जवळजवळ दीडपट फरक निघाला.

डीजेच्या यंत्राला हे चालत नाही. एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं तर ठोके जुळायला हवेत, म्हणून सगळं एका ग्रीडवर ओढून बसवावं लागतं. याला क्वांटाइझ म्हणतात. मी बसवलं. ऐकलं. बरोबर होतं आणि मेलेलं होतं. संबळ म्हणजे दोन वेगवेगळ्या आकारांची भांडी एकत्र बांधलेली, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खाली घुमणारा. कमरेला बांधून दोन काठ्यांनी वाजवतात आणि एका काठीचं टोक वळलेलं असतं. वाजवणारा खालचा ठोका केसभर उशिरा टाकतो. केसभर म्हणजे मिलिसेकंदांत मोजण्याइतका. तो उशीर म्हणजे चूक नव्हे, त्या उशिरामुळेच पाय हलतात. ग्रीडने तो नेमका पुसून टाकला. मग मी उलटं केलं. संबळ हलवायचा नाही, इलेक्ट्रॉनिक ठोकेच एकेक करून त्याच्यामागे सरकवायचे. दोन रविवार गेले, बायकोने कपाळाला हात लावला, पण चार मिनिटांचा एक तुकडा असा झाला की शेजारच्या फ्लॅटमधला पोरगा विचारायला आला.

गोंधळ्यांना विचारल्याशिवाय तो कुठे टाकायचा नाही, हे ठरलेलंच होतं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामांकडे गेलो. (आमच्या घरचे गोंधळी. तीन पिढ्या आमच्याकडेच येतात, सगळे त्यांना मामाच म्हणतात.) मोबाईलवर लावून दिलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. दोनदा मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

"वाजवलंय ब्येस," ते म्हणाले. "संबळ घ्या दादा तुमी. पायजे तेवडा घ्या. त्ये काय, कातडं आन् काठी हाय. पन ते आवाहनाचं काडा त्यातनं."

मी म्हटलं, "मामा, तोच तर सगळ्यात भारी भाग आहे."

"म्हनूनच. तिला नाव घ्यून बोलवायचं, सगळ्या देवांस्नी बोलवायचं, आन् मग? चौक न्हाई, दिवटी न्हाई, आरती न्हाई. पाव्हण्याला जेवाय बोलवलं आन् दाराला कुलूप लावून नाचाय गेलं, आसं झालं की त्ये."

मी आजवर कॉपीराइटवर बरंच वाचलंय. ओपन सोर्सची लायसन्सं तर रोजच्या कामाचा भाग. पण कोणता भाग उचलायचा आणि कोणता नाही, याचा इतका स्पष्ट नियम मला कुठल्याच लायसन्समध्ये मिळालेला नाही. ताल सगळ्यांचा. हाक मात्र हाकेसारखीच मारायची.

आपल्या कायद्याला ही भाषा येत नाही. पारंपरिक चालीला कर्ता नाही, म्हणजे ती कोणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. तिच्यावर नवी मांडणी केली की मांडणी करणाऱ्याचा हक्क तयार होतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क पक्का करून दिला, वाजवणाऱ्या-गाणाऱ्या कलाकारांनाही दिला. पण त्यातच एक मेख आहे. सिनेमात ज्याचं काम 'प्रासंगिक' आहे आणि इंडस्ट्रीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो कायद्याच्या लेखी कलाकारच नाही. कोणी त्याचं वादन तोडूनमोडून त्याची बदनामी केली तर तेवढी दाद मागता येते, बास. म्हणजे नाव दिलं नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव द्यायची गरज नाही! आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात आणि कंपायलर ती खपवून घेत नाही.

मामांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांची काळजी वेगळी आहे. त्यांचा मुलगा संबळ उत्तम वाजवतो, पण हल्ली तो एका बँजो पार्टीत ऑक्टोपॅडवर असतो. एका वरातीचे त्याला जे मिळतात ते बापाला दोन गोंधळांची बिदागी धरूनही मिळत नाहीत. परत गोंधळ रात्रभराचा. वरात कशी, लाऊडस्पीकरला रात्री 10 ची मर्यादा, त्यामुळे (निदान कागदावर) पोरगा 11 ला घरी. आणि वरातीत मागणी कशाची असते? अजय-अतुलच्याच गाण्यांची! म्हणजे बघा, गोंधळ्याच्या अंगणातला ताल पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत गेला, तिथून गाणं होऊन परत गावात आला, आणि गोंधळ्याचाच पोरगा तो प्लास्टिकच्या पॅडवर वाजवून पोट भरतो. याला तुम्ही लोककलेचा ऱ्हास म्हणणार की प्रसार? मला दोन्ही शब्द आवडत नाहीत. पोराला ताल येतो, पैसे मिळतात, तो खूश आहे. त्याला येत नाही ते आख्यान.

आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. तुम्ही लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिकचं कुठलंही मिश्रण ऐका, आपलं किंवा परदेशातलं. काय उचललं जातं? ठोका, आरोळी, 'उदो उदो'चा गजर, फार तर दोन ओळींचं धृपद. मध्यरात्रीनंतरची गोष्ट कोणी उचलत नाही. तिचा लूप होत नाही. साथीदाराने विचारलेला खुळा प्रश्न दुसऱ्यांदा ऐकला तर हसू येत नाही, आठव्यांदा ऐकला तर डोकं उठतं. शिको सायन्सचं थोरपण मला यात दिसतं, की त्याने माराकातूचे ढोल घेतले आणि वर स्वतःच्या शहराची गोष्ट सांगितली. गाळ, उपासमार, खेकडे पकडून पोट भरणारी माणसं. आख्यानाची जागा त्याने रिकामी ठेवली नाही. अजय-अतुलकडे ही जागा सिनेमा भरून काढतो. 'जोगवा'ची गाणी सिनेमाबरोबर ऐकली की अंगावर काटा येतो, आणि तीच वरातीत वाजली की फक्त घाम येतो.

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आराधी बायकांचे मेळे गातात, ते कधी ऐकलेत का तुम्ही? तिथे संबळाचा दणका नंतर, आधी बायकांचा तो किंचित फाटलेला, एकमेकींवर चढत जाणारा सूर. मोबाईल कंपन्यांच्या पिशव्या खांद्याला आणि हातात परडी. तो आवाज अजून कोणत्याच मिश्रणात नीट आलेला मी ऐकलेला नाही. कोणी तरी करावं. घाईने मात्र करू नये.

असो. माझ्या चार मिनिटांतलं आवाहन मी काढून टाकलं. तिथे 40 सेकंदांचं भोक पडलं, त्यात सध्या नुसतं तुणतुणं आहे आणि खरं सांगायचं तर ते बरं वाटतंय. 2 तास 40 मिनिटांची मूळ फाईल तुकडे करून मामांच्या मुलाला पाठवली. आख्यानाचा भाग वेगळा काढून, नाव देऊन. त्याचा परवा फोन आला.

"दादा, तुमच्या फायलीतनं आण्णांचा संबळ कापून पॅडला लावला. चढा ठोका येतोय, एक नंबर. पन त्यो खालचा घुमत न्हाई बगा. काठी दाबली तरी तसाच वाजतोय."

रबराच्या पॅडला वळलेली काठी कळत नाही, हे तर खरंच. हलका, मध्यम आणि जोराचा असे तीन वेगळे नमुने एकाच पॅडवर चढवून बघू म्हटलं. त्यासाठी मामांना पुन्हा वाजवायला बसवावं लागेल. "बसवतो," म्हणाला, "पन त्ये आधी आख्यान ऐकून घे म्हनत्यात."