डाव्या कोपऱ्याचा भाव

आयपीएलचा लिलाव असला की हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. कबड्डीचा लिलाव असला की रिमोटसुद्धा आपल्याच हातात! मैत्रिणी चिडवतात, "कॉन्व्हेंटची पोरगी आणि कबड्डी?" आमच्या शाळेत थ्रोबॉलच होता, हे मान्य. पण लातूरच्या आमच्या गल्लीत कबड्डीच चालायची आणि मी कायम डाव्या कोपऱ्यात, कारण तिथे उभं राहायला कुणीच तयार नसायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोपऱ्यातल्याचं काम चढाईपटूचा घोटा धरायचं. धरला तर एक गुण, निसटला तर समोरच्याला गुण आणि आपण मैदानाबाहेर. शिवाय चांगला कोपरारक्षक असला की चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही. त्याचा गुण मात्र कुठल्याच तक्त्यात मांडत नाहीत! म्हणूनच म्हातारा होत चाललेल्या बचावपटूची किंमत ठरवणं मोठं अवघड काम आहे.

इराणचा फजल अत्राचली घ्या. जन्म 1992 चा, लोक त्याला सुलतान म्हणतात. 2018 मध्ये यू मुंबाने त्याला 1 कोटीला घेतलं. प्रो कबड्डीत कोटीला पोचलेला तो पहिला खेळाडू, आणि तोही चढाईपटू नव्हे! 2022 मध्ये तो पुणेरी पलटणकडे आला, 1 कोटी 38 लाखांना. त्या डिसेंबरात पलटण फायनलला पोचली आणि जयपूरकडून 33-29 अशी हरली. पुढच्या लिलावाआधी पलटणने त्याला सोडून दिलं.

आणि घेतलं कुणाला? मोहम्मदरेझा शादलूईला. तोही इराणचा, तोही डावा कोपरा, फक्त आठ वर्षांनी लहान. किंमत 2 कोटी 35 लाख. टीमची थैलीच 5 कोटींची, म्हणजे जवळपास निम्मी एका माणसावर. मला तेव्हा जाम राग आला होता. पण मार्च 2024 मध्ये पलटण चॅम्पियन झाली, मग काय बोलणार? व्यवस्थापनाचा हिशेब बरोबर होता. (नंतर त्यांनी शादलूईलाही सोडलं. तो हरियाणाकडे गेला आणि त्याच वर्षी हरियाणा चॅम्पियन. असो.)

फजलला 2023 मध्ये गुजरातने 1 कोटी 60 लाख दिले. 2024 मध्ये बंगालने घेतलं ते 50 लाखांना. एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली! आणि त्याच हंगामात पकडींचे 500 गुण पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू ठरला. या सगळ्या घासाघिशीत खेळाडू कुठे असतो? हॉलमध्ये टीमवाले पाट्या वर करतात, तो कुठेतरी स्क्रीनकडे बघत बसतो. "साहेब, माझं जरा ऐका" म्हणायची सोयच नाही. जुन्या टीमला वाटलं तर ती एफबीएम कार्ड काढते, म्हणजे शेवटची बोली आपण भरून माणूस परत घ्यायचा. वाटलं तर, हं.

हे मी इतकं मनावर का घेते, तर पप्पांमुळे. पप्पा लातूरच्या एका डाळमिलमध्ये फिटर आहेत, बावीस वर्षं झाली. एमरी रोलरचं बेअरिंग जाणार असलं की त्यांना आवाजावरून दोन दिवस आधी कळतं. तूर भरडताना मिल बंद पडली नाही, तर ती पप्पांमुळे पडली नाही हे लिहायचं कुठे? पगारवाढ दरवर्षी पाडव्याला ठरते. आधी चहा येतो, मग शेठ घरच्यांची चौकशी करतात, मग "बघू". यंदा डिप्लोमा झालेला एक मुलगा ठेवलाय आणि त्याला शिकवायचं काम पप्पांकडेच! पप्पा त्याला मनापासून शिकवतात. त्यावरून मम्मी रोज भांडते.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका मिलवाल्यांनी पप्पांना अडीच हजार जास्त देऊ म्हणून निरोप पाठवला. माझी मेसची फी त्यातून निघते. मी फोनवर म्हटलं, "पप्पा, शेठना सरळ आकडा सांगा ना. ते कार्ड काढतील." पप्पा म्हणाले, "काय गं ते कार्ड?" मी लिलावाचं सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात आणि हसतात. "आणि नाही काढलं तर?"

मग मी त्यांना 31 ऑक्टोबर 2025 ची फायनल सांगितली. फजल आता दिल्लीकडे, वय तेहतीस, समोर पुणेरी पलटण. शेवटच्या काही सेकंदांत पलटणच्या आदित्य शिंदेची चढाई आणि फजलची पकड! दिल्ली 31, पुणे 28.

"सोडलेल्या टीमलाच धरलं म्हण की," पप्पा म्हणाले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ते दिल्लीवाले त्याला शेठसारखं आधी चहा पाजतात का गं?"

पाडव्याला अजून बारा दिवस आहेत.