मायलेकींची ताटातूट

आमच्या भिगवणला कागदाचा कारखाना आहे. मी जन्मभर मराठी शिकवलं, म्हणजे माझंही पोट कागदावरच! पण कागदाचं एक निराळंच काम हल्ली वाचनात आलं.

अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनात स्ट्रॉन्शियम-९० असतं. त्यातून यिट्रियम-९० जन्मतं. लेक गुणी, कर्करोगाच्या उपचाराला कामी येते. पण ६४ तासांत निम्मी सरते. आईला निम्मं व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात, आणि ती कॅल्शियमसारखी हाडांत ठाण मांडते. म्हणजे ताटातूट हवीच.

गाळणकागदाची पट्टी सायट्रेटच्या सौम्य द्रावणात भिजवायची, टोकं दोन भांड्यांत सोडायची, मधोमध मिश्रणाचा थेंब ठेवून वीज सोडायची. द्रावणाचा आंबटपणा नीट राखला की धनभारित स्ट्रॉन्शियम ऋण टोकाकडे निघतं. सायट्रेटने वेढलेलं यिट्रियम ऋणभारित होऊन उलट दिशेला जातं. मग गायगर काउंटर सांगतो, कोण कुठे पोचलं.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली या जोडीला विजेने वेगळं करणारी पद्धत प्रसिद्ध केली. औषधात आई उरली नाही ना, हे तपासायलाही त्यांनी कागदाचीच पट्टी वापरली, फक्त तिथे वीज नव्हती.

मंडळी, रोग्याच्या हाडांची राखण शेवटी कागदाच्या चिटोऱ्यावर! कोऱ्या कागदाला आता मी जरा जपूनच हात लावतो.