कुठलं पिंपळगाव?

आजोळ पिंपळगावला आहे असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "अरे वा, बसवंत ना? कांदा-टोमॅटोवालं?" नाही हो. महाराष्ट्रात पिंपळगावं चिक्कार आहेत. नाशिकचं बसवंत हायवेवर आहे, म्हणून सगळ्यांना तेच आठवतं. माझं ते पिंपळगाव रेणुकाई. तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मराठवाड्याचा पार वरचा कोपरा, पुढे लगेच बुलढाण्याची हद्द. गावात रेणुकामातेचं मंदिर आणि हिरव्या मिरचीचा बाजार. मिरचीच्या व्यापाऱ्याला विचारा, तो "कुठलं पिंपळगाव" असं विचारणार नाही.

गंमत म्हणजे इतिहासातही आमच्या गावाची हीच गत आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली ती आमच्याच भागात. एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले, दुसरीकडे आर्थर वेलस्ली, म्हणजे ज्यानं पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तो. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांची फौज. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती, पण वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याला मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. आता इतकी जवळजवळ गावं वसलीत म्हणजे लोक ये-जा करत असणारच, असा त्यानं तर्क केला. उतार निघाला. त्या दोन गावांपैकी एकाचं नाव इंग्रजी वर्णनांत 'पीपलगाव' असं येतं.

कॉलेजात असताना हे वाचून मी उडालोच होतो. मग नकाशा काढून बसलो, तर ते असईच्या अगदी शेजारचं, नदीकाठचं पिंपळगाव. आमचं नव्हे. मामाला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "बरं झालं. वावर तुडवलं असतं त्यांनी."

त्याहून जुनं हवं असेल तर भोकरदन आहेच. ते प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावं आहेत. १९७३ च्या उत्खननात तिथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि तशीच घडण असलेली एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली मिळाली होती. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या कारागिरीचा आणि समुद्रापलीकडच्या बाजाराचा काहीतरी संबंध तेव्हापासूनचा. ज्या मिरचीवर आज आमचं गाव जगतं ती तेव्हा भारतात नव्हतीच. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आली. असो.

तर असा मोठा इतिहास आमच्या गावाच्या आजूबाजूनं गेला. गावातून गेली ती हद्द. भोकरदन निजामाच्या राज्यात आणि पलीकडचं बुलढाणा वऱ्हाडात, इंग्रजांच्या कारभाराखाली. आजी शेवटपर्यंत आपल्या बाजूला 'मोगलाई' म्हणायची. इकडे हाली शिक्का चालायचा, तिकडे कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशोब. हद्द ओलांडून माल न्यायचा तर करोडगिरी, म्हणजे जकात, भरायची. आजोबा शाळेत फार गेले नव्हते, पण सातास सहा हे गणित तोंडी करायचे असं आजी सांगायची. आम्ही करन्सी कन्व्हर्जनचं मॉड्यूल लिहायला तीन आठवडे घेतले होते, हे तिला कधी सांगितलं नाही :-)

त्या काळाचे कागद घरात होते. उर्दूत, फसली सालाचे. एकालाही वाचता येत नव्हते, म्हणून ते पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि एकदम सगळ्यांच्या पेट्या उघडल्या. उर्दू वाचणाऱ्याला इतका भाव गावात कधी आला नसेल. आमचे कागद वाचून झाले. जमीन किती, सारा किती, नाव कुणाचं. संपलं. माणसांनी काय केलं, काय खाल्लं, कुठल्या वर्षी काय बुडालं, यातलं काही नाही.

पण त्याच पेटीच्या वर मामाच्या वह्या होत्या, आणि माझ्या मते गावाचा खरा इतिहास त्या वह्यांत आहे. मामानं मिरची लावायला लागल्यापासून दर हंगामाची एक वही ठेवलीय. घराचं बांधकाम काढलं तेव्हा मामीनं तो गठ्ठा रद्दीच्या ढिगात ठेवला होता. मी नेमका सुट्टीवर होतो.

वहीचा फॉरमॅट एकदम साधा. तारीख, कितवा तोडा, कट्टे किती, भाव, तोडणीची मजुरी, हातात आलेले पैसे. मिरचीचं गणितच असं की ती एकदा काढून मोकळं होता येत नाही. उन्हाळ्यात लावायची, पावसाळ्याच्या तोंडाशी पहिला तोडा, मग दर काही दिवसांनी पुढचा. प्रत्येक तोड्याला भाव वेगळा. सकाळी बाया वावरात, संध्याकाळी कट्टे बाजारात, रात्री ट्रक रस्त्याला. तोडणाऱ्या बायांच्या हातांची आग रात्रीपर्यंत जात नाही. बाजारात ज्वेलरी, पिकाडोर अशी एकेक वाणांची नावं ऐकू येतात, आणि ठसक्यानं नवख्या माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

वहीचा समास मात्र वेगळाच आहे. त्यात मामानं जागा मिळेल तिथे लिहून ठेवलंय. "कोकडा आला. अर्धी उपटली." (पानं आकसून जातात तो रोग. आमच्या ऑफिसात 'व्हायरस आला' म्हटलं की मशीन फॉरमॅट करतात, तिथे वावर करावं लागतं.) "मायच्या डोळ्याचं ऑपरेशन." २०१२ ची वही जवळपास कोरी. पहिल्या पानावर फक्त "पाणी नाही. लावली नाही." त्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा जळाल्या हे पेपरात आलं होतं, न लावलेल्या मिरचीची बातमी कोण करणार? नोव्हेंबर २०१६ च्या पानावर, "व्यापारी जुन्या नोटा देतो म्हणतो. घ्याव्या का?" आणि खाली दुसऱ्या शाईनं, "घेतल्या."

आणि २००३ च्या वहीत, सातव्या तोड्यापुढे, रकमेच्या शेजारी दोन शब्द: "भाच्याची फी."

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे पैसे बाबांनी कसेबसे जमवले, एवढंच मला घरी सांगितलं होतं. मामानंही कधी विषय काढला नाही. मी पान त्याच्यासमोर धरलं, तर म्हणाला, "त्या साली भाव बरा होता," आणि बांधकामाच्या विटा मोजायला निघून गेला.

मग दोन दिवस बसून सगळ्या वह्यांचे फोटो काढले. आता शनिवारी थोडं थोडं एक्सेलमध्ये भरतोय. आकडे सरळ जातात. समासाचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. त्यासाठी 'रिमार्क्स' नावाचा कॉलम केलाय, पण तो फारच छोटा वाटतो.

शेती आता मामेभाऊ बघतो. त्याचं गणित अजून लांबचं आहे, कारण इथली मिरची दिल्ली-मुंबईबरोबरच बांगलादेशापर्यंत जाते. २०२३ च्या जूनअखेर तिकडे हिरव्या मिरचीचे भाव काहीच्या काही चढले आणि तिथल्या सरकारनं आयात खुली केली, ही बातमी मला त्याच्याकडून कळली. ढाक्याला पाऊस किती झाला हे तो फोनवर बघतो. वही मात्र ठेवत नाही. भाव व्हॉट्सॲपवर येतात, सगळे तिथेच बोलतात, आणि रात्री तो सगळं डिलीट करतो.

"अरे, डिलीट नको करूस," मी म्हटलं.

"दादा, फोन भरतो ना!"

शेवटी असं ठरलं की उडवण्याआधी त्यानं मला फॉरवर्ड करायचं. रोज साडेनवाच्या सुमाराला येतं. काल भावासोबत मामाचा एक फोटोही होता, तोलकाट्याशेजारी उभा, कॅमेऱ्याकडे न बघता.